मोडलेला जबडा आणि परत येणारा रोगी

पुणें जिल्ह्याच्या पूर्व भागांत शिरूर आणि दौंड हे दोन तालुके एकमेकांच्या शेजारीं आहेत. शिरूर हें घोड नदीच्या कांठीं वसलेलें. म्हणून जुनीं माणसें त्या गांवाला घोडनदी म्हणूनच ओळखतात. दौंड हें भीमेच्या कांठचें, सोलापूर आणि मनमाड या दोन दिशांना फुटणाऱ्या लोहमार्गांचें जंक्शन. या दोन तालुक्यांतून दोन हमरस्ते जातात. एक पुण्याहून शिक्रापूर, रांजणगांव, शिरूर असा अहिल्यानगरकडे. दुसरा यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ असा सोलापुराकडे. रांजणगांव आणि कुरकुंभ येथें औद्योगिक वसाहती, भोंवतीं उसाचें रान आणि साखर कारखाने. पाळीवर निघालेला दुचाकीस्वार, गळिताच्या हंगामांतील उसानें भरलेली ट्रॉली, मालमोटार आणि रस्ता ओलांडणारीं गुरें हीं सारीं एकाच वाटेवर एकत्र येतात. अशा ठिकाणीं माणूस पडला म्हणजे त्याचा हात मोडेल, पाय मोडेल, हें कोणालाहि समजतें. जबडाहि मोडतो, ही गोष्ट मात्र तो माणूस घांस चावावयास बसेपर्यंत पुष्कळदां कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

आज मी आपल्याशीं या मोडलेल्या जबड्याविषयीं, त्याबरोबर गेलेल्या दांतांविषयीं आणि ते दांत पुन्हां बसविण्याच्या शास्त्राविषयीं बोलणार आहें. विषय वैद्यकाचा खरा. परंतु त्यांतील मुख्य प्रश्न केवळ वैद्याच्या खोलींत सुटणारा नाहीं. तो प्रश्न असा कीं, दोन उपचारांपैकीं खरोखर चांगला कोणता, हें आपणांस कळतें तरी कसें? आणि तें कळावें म्हणून रोग्यानें, वैद्यानें आणि समाजानें काय करावयास पाहिजे?

प्रथम जबड्याची रचना पाहूं. चेहऱ्याच्या हाडांत हलणारें हाड एकच, तें म्हणजे खालचा जबडा. घोड्याच्या नालासारखा त्याचा आकार. मध्यभागीं हनुवटी, आणि दोन्ही टोकें कानांच्या पुढें कवटीच्या खांचेंत बसलेलीं. कमानीच्या आकाराची वस्तु एका ठिकाणीं दाबली तर ती दुसऱ्याच ठिकाणीं तुटते. तसेंच येथें होतें. मार हनुवटीवर बसतो आणि हाड कानापुढच्या सांध्याजवळ मोडतें. मार उजव्या गालावर बसतो, तेव्हां एक भंग उजवीकडे तर दुसरा डावीकडे सांपडतो. म्हणून जबड्याचा एक भंग दिसला कीं जाणता सर्जन लागलीच दुसरा शोधूं लागतो. अक्कलदाढ बाहेर न येतां हाडांतच अडकून राहिली असेल, तर जबड्याचा मागचा कोपरा दुबळा होतो आणि नेमका तेथेंच मोडतो. वरच्या जबड्याची गोष्ट निराळी. त्याचीं हाडें पातळ, आणि आंत पोकळी. तीं कोणत्या रेषांनीं फुटतात हें पाहण्यासाठीं फ्रान्समध्यें रेने ल फोर या सर्जननें मृत देहांच्या डोक्यांवर निरनिराळे आघात करून पाहिले आणि १९०१ सालीं तीन ठराविक रेषा मांडल्या. आजहि जगांतील कोणत्याहि रुग्णालयांत त्या रेषा त्याच्याच नांवानें ओळखल्या जातात.

हाताचें हाड जुळतांना किंचित् वांकडें बसलें तरी कांहीं दिवसांनीं माणूस तें विसरतो. जबड्याला ही सवलत नाहीं. दोन दांतांमध्यें अडकलेला एक केंस जीभ ओळखते. भातांतील बारीक खडा दाढेला तत्काळ कळतो. अशा ठिकाणीं हाड थोडें जरी सरकलें, तरी दांतावर दांत पूर्वीसारखा बसत नाहीं. भाकरीचा तुकडा तुटत नाहीं, सांधा दुखूं लागतो आणि माणूस नकळत एकाच बाजूनें चावूं लागतो. म्हणून हाड जुळणें ही अर्धी गोष्ट झाली. दांतावर दांत बसणें, तोंड पुरतें उघडणें आणि घांस चावतां येणें, ही जबड्याच्या उपचाराची खरी कसोटी होय.

ही कसोटी गांठण्यासाठीं माणसानें किती उपाय केले आहेत पाहा. सुश्रुतसंहितेंत निखळलेला जबडा शेकून जागेवर बसवावा आणि वर पंचांगी नांवाचा बंध बांधावा असें सांगितलें आहे. त्यानंतर कित्येक शतकें जगभर बंध आणि पट्ट्या हाच मुख्य आधार होता. १८६५ सालीं अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड गाडींतून पडला आणि त्याचा जबडा मोडला. तेव्हां टॉमस गनिंग या दंतवैद्यानें कडक केलेल्या रबराचा साचा त्याच्या तोंडांत बसवून तो जबडा स्थिर केला. पहिल्या महायुद्धांत खंदकांतून डोकें वर काढणाऱ्या शिपायांच्या तोंडावर गोळ्या बसत. त्या हजारों जखमींमुळें सर्जन आणि दंतवैद्य एकाच टेबलापाशीं उभे राहून काम करावयास शिकले. त्यापुढें बराच काळ वरचे आणि खालचे दांत तारेनें एकमेकांना बांधून टाकण्याची पद्धत चालली. चार ते सहा आठवडे तोंड बंद. अन्न म्हणजे नळीनें किंवा दांतांच्या फटींतून घेतलेलें दूध, ताक, पेज. आणि ओकारी झाली तर जीव गुदमरूं नये म्हणून तार कापण्याचें हत्यार उशाशीं. कांहीं भंगांना ही पद्धत आजहि पुरेशी ठरते. पण १९७० नंतर फ्रान्समध्यें मिशले आणि शांपी यांनीं, चावतांना हाडावर ताण कोणत्या रेषेंत पडतो याचा अभ्यास करून, त्या रेषेवर लहानशी धातूची पट्टी स्क्रूनें बसविण्याची रीत घालून दिली. पट्टी तोंडाच्या आंतून बसवितां येते, चेहऱ्यावर व्रण राहत नाहीं आणि तोंड आठवडेच्या आठवडे बांधून ठेवावें लागत नाहीं. ज्याचें पोट रोजच्या कामावर अवलंबून आहे, त्याला या सुधारणेचें मोल वेगळें सांगावयास नको.

आतां दांतांकडे वळूं. अपघातांत हाड मोडतें तेव्हां त्याबरोबर दोन-चार दांतहि पुष्कळदां जातात. हाड जुळतें, दांत पुन्हां येत नाहीं. आणि दांत गेला कीं ज्या हाडांत तो रोंवलेला होता तें हाडहि झिजूं लागतें, पहिल्या वर्षांत तर फारच वेगानें. ओसाड घराच्या भिंती जशा खचतात तसें हें आहे; आंत राहणारा गेला कीं भिंत राखावयाचें शरीराला कारण उरत नाहीं. कवळी बसवितां येते, शेजारच्या दांतांचा आधार घेऊन पूल बांधतां येतो, आणि हे दोन्ही उपाय चांगले आहेत. परंतु हाड फार झिजलें तर कवळी डळमळते, आणि शेजारचे दांतच नसले तर पूल कशावर टेंकावयाचा?

येथें दंतरोपणाची गोष्ट सुरू होते. १९५२ सालीं स्वीडनमध्यें पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हा संशोधक सशाच्या पायाच्या हाडांतील रक्ताचा प्रवाह पाहत होता. त्यासाठीं त्यानें टिटॅनियम धातूची एक बारीक नळकांडी हाडांत बसविली होती. काम आटोपल्यावर ती काढावयास गेला, तो ती निघेना. हाड त्या धातूला परकें न मानतां त्याच्याशीं थेट जडून गेलें होतें. दांताच्या मुळाच्या जागीं टिटॅनियमचा स्क्रू रोंवला तर हाड त्यालाहि असेंच धरून ठेवील, हा विचार त्यांतून निघाला. १९६५ सालीं गोटेबर्ग येथें यॉस्टा लार्सन नांवाच्या गृहस्थावर हा उपचार प्रथम झाला. त्याचा जबडा जन्मतःच सदोष होता आणि खालच्या जबड्यांत दांत नव्हते. लार्सन २००६ सालीं वारला. तोंपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, तीं रोपणें त्याच्या जबड्यांत काम देत होतीं.

श्रोतेहो, या कथेंतील अधिक महत्त्वाचा भाग कोणता म्हणाल? सशाच्या हाडांत धातु अडकला हा योगायोग. लार्सन चाळीस वर्षें आपल्या वैद्यांच्या नजरेखालीं राहिला हा मात्र योगायोग नव्हे. ब्रोनेमार्कच्या मंडळींनीं पुढें १९८१ सालीं पंधरा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांत ओळीनें आलेले ३७१ रोगी होते. चांगले चांगले निवडून घेतलेले नव्हते. त्यांच्या ४१० जबड्यांत २,७६८ रोपणें बसविलेलीं. पांच ते नऊ वर्षें पाहिलेल्या रोपणांपैकीं खालच्या जबड्यांतील शेंकडा ९१ आणि वरच्या जबड्यांतील शेंकडा ८१ घट्ट राहिलीं, असें त्यांनीं सांगितलें. दहांतील एक खालीं निकामी झालें, वरचीं पांचांतील एक, हेंहि त्यांत आलें. १९८२ सालीं टोरोंटो येथील परिषदेनंतर अमेरिका खंडांतील वैद्यांनीं ही पद्धत स्वीकारली, ती तो हिशेब पाहून.

हिशेब ठेवण्याचें हें महत्त्व आपल्या पुण्याच्याच एका जुन्या घटनेंतहि दिसतें. टिपूबरोबरच्या युद्धांत कावसजी नांवाचा इंग्रजी फौजेचा एक बैलहांक्या पकडला गेला आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. वर्षाहून अधिक काळ तो नाकावांचून राहिला. मग पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याच्याच कपाळाच्या कातडीचें नवें नाक त्याला बसवून दिलें. क्रूसो आणि फिंडले या दोघां इंग्रज वैद्यांनीं अशी शस्त्रक्रिया डोळ्यांनीं पाहिली. १७९४ सालीं लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्यें तिचा वृत्तांत चित्रासह छापून आला आणि तो वाचून पुढें यूरोपांत जोसेफ कार्प्यू यानें तशीच शस्त्रक्रिया केली. नाक बसविणाऱ्या त्या कुशल हातांचें नांव मात्र त्या वृत्तांतांत नाहीं. कौशल्य पुण्याचें होतें. नोंद लंडनला झाली. ज्यानें नोंद केली त्याच्याकडून जग शिकलें.

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊं. जबडा मोडल्यावर तारेनें बांधावा कीं पट्टी बसवावी? एक पट्टी पुरे कीं दोन? भंगाच्या रेषेंत आलेला दांत काढावा कीं ठेवावा? या प्रश्नांवर सर्जनांचीं मतें पुष्कळ आहेत; पण मत निराळें आणि पुरावा निराळा. पुरावा मिळवावयाचा तर सारख्या स्थितींतील रोगी घेऊन, कोणाला कोणता उपचार मिळावा हें चिठ्ठ्या टाकून ठरवावें, आणि नंतर दोन्ही गटांची स्थिति ठराविक मुदतीनें तपासावी लागते. २०१३ सालीं कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासकांनीं खालच्या जबड्याच्या भंगावरील असे जगभरचे प्रयोग चाळून पाहिले. त्यांच्या निकषांत बसणारे प्रयोग निघाले अवघे १२, आणि त्या सर्वांत मिळून रोगी ६८९. एकच एक पद्धत श्रेष्ठ म्हणण्याइतका पुरावा नाहीं, असा त्यांनीं निष्कर्ष काढला. रोज कोठें ना कोठें मोडणाऱ्या या हाडाविषयीं इतकी कमी माहिती कां असावी?

त्याचें एक मोठें कारण म्हणजे परत न येणारा रोगी. जबडा मोडणारा माणूस बहुधा तरुण, कमावता आणि दूर गांवचा असतो. सूज उतरली, दुखणें थांबलें, कीं तो कामावर जातो. समजा, शंभर जणांना दंतरोपण केलें आणि वर्षानें त्यांतील सत्तर तपासणीस आले. सत्तरांपैकीं पासष्टांचें रोपण घट्ट आहे. वैद्य म्हणेल, शेंकडा त्र्याण्णव यश. परंतु जे तीस आले नाहींत त्यांचें काय? सर्वांचें ठीक असेल तर यश पंचाण्णवांचें. सर्वांचें बिघडलें असेल तर पासष्टांचेंच. एकाच कामाचे हे दोन हिशेब, आणि त्यांपैकीं खरा कोणता हें त्या न आलेल्या तिसांच्या तोंडांत दडलेलें असतें. शिवाय हे तीस कोण? मोठ्या शहरांतील रुग्णालयांत ज्याला तपासणीस येणें सोपें आहे, तो रोगी बहुधा शहरांतला आणि सुस्थितींतला. न्हावरें किंवा पाटस येथून यावयाचें तर दिवसाची मजुरी बुडते, एस. टी.चें भाडें पडतें आणि बरोबर येणाऱ्या भावाची मजुरीहि बुडते. म्हणजे ज्यांची स्थिति कळणें अधिक अवश्य, त्यांचीच नोंद पुस्तकांतून गळते. मग त्या पुस्तकांवरून ठरलेला उपचार त्यांना कितपत लागू पडेल?

हें काम आपल्याकडे होणें अशक्य आहे, असें मात्र कोणीं म्हणूं नये. ज्या शिरूर तालुक्याचें मीं आरंभीं नांव घेतलें, त्याच तालुक्यांत वढू बुद्रुक हें गांव आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनीं १९७० नंतरच्या दशकांत तेथें ग्रामीण आरोग्याचें काम उभें केलें. १९९३ सालीं त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ सालापासून तेथील संशोधकांनीं भोंवतालच्या २२ गांवांतील घरोघरच्या जन्ममृत्यूंची आणि स्थलांतराची पद्धतशीर नोंद ठेवावयास आरंभ केला. याच पायावर पुढें तान्ह्या मुलांच्या जुलाबांवरील रोटाव्हायरस लसीचा मोठा प्रयोग झाला. दिल्ली, वेल्लोर आणि वढू अशा तीन ठिकाणीं मिळून ६,७९९ बालकें त्यांत होतीं. कार्यकर्ते घरोघर जाऊन आईला विचारीत, बाळाची स्थिति लिहून घेत. लसीनें तीव्र जुलाबांचें प्रमाण निम्म्याहून अधिक कमी केलें, असें दिसून आलें, आणि २०१६ सालापासून देशाच्या लसीकरणांत तिचा टप्प्याटप्प्यानें समावेश झाला. शिरूर तालुक्यांतील आयांनीं दिलेल्या उत्तरांवर देशाचा एक निर्णय उभा राहिला, ही लहान गोष्ट नव्हे. जें तान्ह्या बाळांच्या बाबतींत साधलें, तें जबड्याच्या बाबतींत कां साधूं नये? वर्षांतून एकदां रोग्याच्या गांवींच तपासणी ठेवावी, किंवा गांवांतील आरोग्यसेविकेनें चार साधे प्रश्न विचारावे: तोंड किती उघडतें? भाकरी चावतां येते का? दांतांतून पू येतो का? खालचा ओंठ बधिर आहे का? या चार उत्तरांत मोठ्या यंत्रानें न सांगितलेली पुष्कळ माहिती मिळेल.

येथें एक शंका कोणाच्याहि मनांत येईल. गरीब माणसावर प्रयोग करावयाचे, हें न्यायाचें आहे का? शंका रास्त आहे, आणि म्हणूनच तिच्यासाठीं नियम झाले आहेत. भारतांत वैद्यकीय प्रयोगांची उघड नोंदवही जुलै २००७ पासून सुरू झाली आणि औषधनियंत्रकांच्या आज्ञेनें जून २००९ पासून औषधांच्या प्रयोगांची नोंद, रोगी घेण्यापूर्वींच, सक्तीची झाली. हेतु हा कीं, प्रतिकूल निघालेला प्रयोग कोणी गुपचूप पुरून टाकूं नये. प्रयोगांत येणाऱ्याला सर्व गोष्टी त्याच्या भाषेंत समजावून सांगून त्याची लेखी संमति घ्यावी लागते. मला यांत राहावयाचें नाहीं, असें तो कोणत्याहि दिवशीं म्हणूं शकतो, आणि त्यामुळें त्याच्या उपचारांत उणें पडतां कामा नये. आपल्या घरीं काम करणाऱ्या बाईनें किंवा मोटार चालविणाऱ्यानें असा एकादा कागद दाखविला, तर तो बाजूस न सारतां त्यांना वाचून दाखवा. सही करावी कीं करूं नये हें त्यांनाच ठरवूं द्या. पण समजून ठरवूं द्या.

दंतरोपण ही श्रीमंतांची चैन आहे, असाहि एक समज आहे. त्याचा खर्च मजुरीवर जगणाऱ्याच्या आवांक्याबाहेरचा आहे, हें खरें. पण २०२१ सालीं करोनाच्या दुसऱ्या लाटेमागून महाराष्ट्रांत काळ्या बुरशीचा जो रोग पसरला, त्यांत कित्येकांचा वरचा जबडा काढावा लागला. जीव वाचला, परंतु टाळ्याच्या जागीं भोंक, पाणी नाकांतून बाहेर, बोलणें कोणास समजेना. अशा कांहीं रोग्यांना गालाच्या हाडांत लांब रोपणें रोंवून त्यांवर दांतांसह टाळू बसविण्यांत आला, आणि ते पुन्हां जेवूं व बोलूं लागले. तेथें या उपचाराला चैन कोण म्हणेल? उलट हेंहि खरें कीं, प्रत्येक गेलेल्या दांताच्या जागीं रोपणच हवें असें नाहीं. मधुमेह आटोक्यांत नसेल, विडी-सिगरेट सुटत नसेल, हिरड्यांवर मिश्री घांसण्याची सवय असेल, तर रोपणाला धोका वाढतो. खेड्यांतील पुष्कळ स्त्रिया मिश्रीनें दांत स्वच्छ होतात असें समजतात. ती तंबाखूच आहे. गुटख्यानें तर तोंड आंतून आवळून येतें आणि तें दोन बोटेंहि उघडत नाहीं. अशा तोंडांत रोपण करावयाचें तर हत्यार जाणार कोठून? महाराष्ट्रांत गुटख्यावर २०१२ सालीं बंदी आली. पण सवय कायद्याच्या एका कागदानें जात नाहीं.

आतां प्रत्येक घरानें लक्षांत ठेवावें असें थोडेंसें सांगतों. अपघातांत तोंडावर मार बसला तर पहिली भीति रक्ताची नसून श्वासाची असते. हनुवटीचें हाड दोन्ही बाजूंनीं मोडलें तर जीभ मागें पडून श्वास कोंडतो. शुद्धीवर असलेल्या माणसाला पुढें वांकून बसूं द्या, रक्त आणि लाळ बाहेर गळूं द्या. त्याला बळेंच उताणा निजवूं नका. बेशुद्ध असेल तर मानेला हिसका न देतां, डोकें, मान आणि अंग एका रेषेंत ठेवून कुशीवर वळवा. पाणी पाजूं नका. हनुवटी मागें ओढली जाईल असा फडका करकचून बांधूं नका. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवितां येते; आणि मदत करणाऱ्याला चौकशीचा जाच होऊं नये म्हणून २०१९ सालीं मोटारवाहन कायद्यांत दुरुस्तीहि झाली आहे.

अख्खा दांत पडला असेल तर तो शोधा. मुळाला न शिवतां त्याच्या दिसणाऱ्या भागाला धरून उचला, घांसूं नका. शुद्धीवरच्या मोठ्या माणसाचा दांत पाण्यानें हलकेच धुऊन लगेच त्याच्या जागीं बसवितां आला तर उत्तम. नाहीं तर दुधांत ठेवून तडक दंतवैद्याकडे न्या. अर्ध्या-एक तासांत गेलात तर तोच दांत पुन्हां रुजण्याची आशा असते, आणि आपल्या दांतासारखें दुसरें रोपण नाहीं. मुलांचे दुधाचे दांत मात्र असे बसवावयाचे नसतात.

मूल हनुवटीवर आपटलें, टांके घातले, जखम भरली, म्हणून निश्चिंत होऊं नका. तोंड पुरतें उघडतें का, उघडतांना हनुवटी एका बाजूस वळते का, हें काहीं आठवडे पाहत राहा. कानापुढचा सांधा आंतून मोडलेला असला आणि तिकडे दुर्लक्ष झालें, तर तो हाडानें सांधून जातो. मुलाचें तोंड मिटतें तें उघडत नाहीं आणि हनुवटीची वाढ खुंटते. वेळीं ओळखलें तर अनेकदां तोंडाच्या व्यायामानेंच हें टळतें. तसेंच कानाच्या वर अर्धेंच डोकें झांकणारें हेल्मेट कवटीला वांचवितें, जबड्याला नाहीं. आपला मुलगा रोज दुचाकीवर रांजणगांवला जात असेल, तर त्याला हनुवटी झांकणारें हेल्मेट घेऊन द्या. पट्टी, स्क्रू आणि रोपण या सर्वांहून तें स्वस्त आहे.

आणि शेंवटीं, ज्या कोणाचा जबडा जुळला असेल, ज्या कोणाला रोपण बसविलें असेल, त्याला तपासणीच्या तारखेला जरूर पाठवा. दुखत नाहीं, मग कशाला जावयाचें, असें तो म्हणेल. त्याला सांगा, दुखत नाहीं हेंच वैद्याला कळावयास हवें आहे. घरचा नोकर असेल तर त्या दिवसाचा पगार कापूं नका. रुग्णालयांचे चालक ऐकत असतील तर त्यांनाहि माझी विनंति आहे कीं, तपासणीला येणाऱ्या गरीब रोग्याच्या भाड्याची सोय करावी. त्याच्या बुडालेल्या मजुरीपेक्षां त्याच्या जबड्यानें दिलेली माहिती अधिक मोलाची आहे. घोडनदीच्या किंवा भीमेच्या कांठच्या एकाद्या मजुरानें वर्षानें परत येऊन तोंड उघडून दाखविलें, तर पुढच्या वर्षीं त्याच रस्त्यावर पडणाऱ्या कोणा अनोळखी माणसाला त्याचा उपयोग होईल. वैद्यकाचें पुष्कळसें ज्ञान अशाच माणसांनीं आपल्याला दिलें आहे. त्यांना परत येतां यावें, एवढी व्यवस्था करणें हें आपलें काम.